चार दात तिचे, एक माझा

मुलीचे दात काढायला म्हणून मी मुलुंडच्या दवाखान्यात गेलो आणि पहिला दात माझा निघाला.

यात डॉक्टरांची काही चूक नव्हती. चूक आमच्या घरच्या एका नियमाची होती. नियम असा, की निहूला जे काही सोसायचं असेल ते आधी बाबाने सोसायचं. निहू अगदी लहान असताना माझ्या बायकोने, वर्षाने, हा कायदा केला. कडू औषध? आधी बाबा. कारल्याची भाजी? आधी बाबा. वॉटरपार्कमधली ती थेट पाताळात जाणारी निळी घसरगुंडी? आधी बाबा! (मी खाली पोचलो, चष्मा वरच राहिला.) वर्षा बाजूला उभी राहून सांगायची, "बघ, बाबाला झालं का काही?" मला बरंच काही झालेलं असायचं, पण तेव्हा ते बोलायची सोय नसायची.

वर्षाला जाऊन दोन वर्षं झाली. नियम मात्र राहिला.

दातांचं तिनेच ठरवून ठेवलं होतं. निहूचा डावीकडचा सुळा दातावर दात चढून आलेला, हुबेहूब वर्षासारखा. दातावर दात म्हणजे भाग्य, असं लोक म्हणतात. वर्षा म्हणायची, "भाग्य कसलं डोंबलाचं! पेरू खाताना ओठ चावला जातो." हॉस्पिटलात शेवटी शेवटी तिने मला ज्या सूचना दिल्या, त्यांत गॅसचा पाइप बदलणं होतं, विम्याचे हप्ते होते आणि हे होतं. "बारावं लागलं की निहूच्या दातांना तारा लावायच्या. माझं राहून गेलं. तिचं राहता कामा नये. आणि हो म्हणताना माझ्याकडे बघ."

मी बघितलं आणि हो म्हणालो. म्हणून बारावं लागल्याबरोबर निहूला घेऊन दवाखान्यात हजर झालो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तारा लावण्याआधी जागा करावी लागेल. चार दात काढू. आज... नको, शनिवारी दोन, पुढच्या शनिवारी दोन."

"चांगले दात?"

"चांगलेच. पण गर्दी झालीये ना."

निहू घरी आली आणि म्हणाली, "मी नाही काढणार." मग खोलीत जाऊन रडली. दार लावून, आवाज न करता. ते रडणं मला ओळखीचं होतं आणि तेच मला झेपत नाही.

आता अकरा-बारा वर्षांची मुलगी दात काढायचं म्हटल्यावर रडते म्हणजे इंजेक्शनला घाबरते, हे शेंबडं पोरही सांगेल. मी कामाला लागलो. जेवताना व्याख्यान, शाळेच्या बसपर्यंत व्याख्यान, रात्री दूध देताना उपसंहार! घाटकोपरहून माझी मोठी बहीण आली. तिनेही "मुंगी चावल्यासारखं वाटतं गं" असं तीनतीनदा सांगितलं, आणि मग स्वतःच्या दाढेची अशी काही रक्तबंबाळ गोष्ट सांगितली की माझंच जेवण गेलं.

"बाबा, मी घाबरत नाहीये," निहू म्हणाली.

"मग काय झालं?"

ती जरा थांबली. इथे मीही थांबायला हवं होतं. पण कुणी बोलायचं थांबलं की मला लाइट गेल्यासारखं होतं. मी लगेच भूल कशी काम करते ते समजावायला घेतलं. ती "ओके" म्हणाली आणि उठून गेली.

शनिवारी दवाखान्यात ती खुर्चीजवळ जाऊन खिळल्यासारखी उभी राहिली. मी छाती पुढे काढली.

"डॉक्टर, आधी मी बसतो. नुसतं तपासा. हिला दिसू दे, काही होत नाही ते."

डॉक्टरीणबाई हसल्या. मला आडवं केलं, दिवा ओढला, आरसा तोंडात घातला आणि म्हणाल्या,

"हं."

"हं हंजे?" (तोंडात आरसा होता.)

"वरची अक्कलदाढ. पार किडलीये, हलतेय पण. दुखत नाही?"

"छे! अजिबात नाही!" मी म्हणालो. (गणपतीपासून मी एकाच बाजूने जेवत होतो.)

त्यांनी त्या दाढेवर हळूच टकटक केलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने बाहेर बसलेल्या एका आजोबांनी आपली अपॉइंटमेंट पुढे ढकलून घेतली.

एक्सरे झाला. "पटकन निघेल," डॉक्टर म्हणाल्या. "आजच काढून टाकू."

"आज? नको नको, आज निहूचा दिवस आहे..."

"बाबा," निहू शांतपणे म्हणाली, "काहीच होत नाही ना?"

मी आडवाच होतो. पळायचं कुठे?

दाढ निघाली. (अक्कलदाढेवरचे सगळे विनोद ताईने करून झालेत, तुम्ही तसदी घेऊ नका.) डॉक्टरांनी जागेवर कापूस ठेवला आणि बजावलं, "अर्धा तास घट्ट चावून धरा. आणि बोलायचं नाही. एक शब्दही नाही."

"अर्धा तास? हा?" निहूने विचारलं.

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. निहूचा नंबर थोड्या वेळाने होता. माझा अर्धा चेहरा कुणी उधार नेल्यासारखा झाला होता. समोरच्या भिंतीवर एक बाई बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत हसत होती. निहू तिच्याकडे बघत राहिली. मी काहीच बोलत नव्हतो. बोलूच शकत नव्हतो. आणि मग ती बोलली.

"बाबा, मला दुखायची भीती नाहीये. हा दात खाली आला ना, की मी आईसारखी नाही दिसणार."

मी तिच्याकडे वळलो.

"नाक तुझं आहे. केस तुझे. शाळेत सगळे म्हणतात बाबावर गेलीये. आईचं माझ्याकडे एवढंच आहे. मी आरशात बघते रोज. आणि आईनेच सांगितलंय तारा लावायला. तिचं ऐकायचं तर तीच जाणार. मग काय करायचं, सांग ना."

आठवडाभर नको तेव्हा बोलणारा मी! आणि आता पोरीने खरोखर काही विचारलं तर तोंडात कापसाचा बोळा! आणि खोटं कशाला सांगू, मीही तो दात रोज बघत होतो. निहू हसली की मला क्षणभर बरं वाटायचं आणि लगेच खूप वाईट वाटायचं. मी "बाळा" म्हणायला गेलो, त्याचं "वाव्वा" झालं, त्यातच हुंदका आला आणि कापूस बाहेर माझ्या शर्टावर पडला. लाळ, रक्त, डोळ्यांतलं पाणी, सगळं एकदम! रिसेप्शनवरची मुलगी ओरडली, "मॅडम, अंकलना काहीतरी होतंय!"

अंकलना काय होत होतं ते मॅडमच्या हातचं नव्हतं.

निहूने मात्र नवा कापूस मागून घेतला, माझी हनुवटी धरली आणि स्वतः तो आत बसवला. "चाव. अजून. आता गप्प बस." मी गप्प बसलो. तिने माझं तोंड पुसलं. मग बराच वेळ आम्ही दोघं नुसते रडलो, शेजारी शेजारी. वर्षा गेल्यापासून आम्ही एकत्र रडलोच नव्हतो. ती तिच्या खोलीत, मी नळ सोडून बाथरूममध्ये.

मग तिने नाक ओढलं. "आईला हो बोललायस ना तू?"

मी मान हलवली.

"मग जाते मी. पण आधी एक फोटो काढ. नीट हसते."

ती भिंतीपाशी उभी राहिली आणि लाल डोळ्यांनी, सगळे दात दाखवून हसली. मी फोटो काढला. हलला. दुसरा काढला, तोही हलला.

"काय बाबा, यार! एक काम नीट नाही करत!" तिने फोन घेतला आणि माझ्या खांद्याला टेकून स्वतःच सेल्फी काढला. त्यात ती सुंदर हसतेय, सुळा लख्ख दिसतोय, आणि शेजारी मी फुगलेल्या गालाचा, शर्टावर रक्त, एखाद्या मारामारीत हरलेल्या माणसासारखा. तो दात तसा चढलेला असतानाचा तिचा तो शेवटचा चांगला फोटो. त्यातून मला स्वतःला कापताही येत नाही.

ती आत गेली आणि हूं का चूं न करता दोन दात काढून आली. माझा अर्धा तास नव्या कापसाने पुन्हा सुरू झाला होता, आणि आता तिच्याही तोंडात कापूस. आम्ही रिक्षात बसलो तेव्हा खरी अडचण कळली.

"किधर?" रिक्षावाल्याने विचारलं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हूं हूं," मी म्हणालो.

"हूं!" निहूने दुरुस्ती केली.

तो दचकला. मग त्याच्या चेहऱ्यावर अशी काही दया आली, की मलाच माझी कीव आली. तो मोठ्याने, हातवारे करत म्हणाला, "भाईसाब! टेन्शन! नहीं! लेने का!" मी फोनवर पत्ता दाखवला. त्याने सावकाश, खड्डे चुकवत आम्हाला सोसायटीच्या गेटपर्यंत आणलं आणि वॉचमनला सांगितलं, "संभाल के ले जाओ, बाप-बेटी दोनों बोल नहीं सकते." ही बातमी आमच्याआधी सहाव्या मजल्यावर पोचली. कित्येकांना तिचा आनंदच झाला असावा.

पुढच्या शनिवारी उरलेले दोन दात निघाले. मग तारा लागल्या. दर महिन्याला डॉक्टरीणबाई तारा आवळतात आणि तो सुळा थोडा खाली सरकतो. त्या खूश होतात. मी "वा, छान" म्हणतो. मुलीचे दात सरळ होतायत म्हणून वाईट वाटणारा बाप मुंबईत मी एकटाच असेन.

पण एक गोष्ट झाली. तारांची निहूला लाज वाटते. परवा तिला जोरात हसू आलं आणि तिने पटकन डावा हात तोंडावर धरला, बोटं जुळवून, करंगळी तेवढी बाहेर. मला हातातली आमटीची वाटी खाली ठेवावी लागली. वर्षा जन्मभर अशीच हसली. तो दात लपवायला! निहूच्या हे लक्षातही आलेलं नाही, आणि मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती तसं मुद्दाम करेल, नाहीतर करायचीच थांबेल.

म्हणून हल्ली मी घरात ऊठसूट विनोद करतो. तो हात पुन्हा एकदा तसा वर जावा एवढीच इच्छा. हात जातोही वर. पण माझ्या विनोदांची प्रतच अशी, की तोंडावर येण्याऐवजी तो बहुतेक वेळा कपाळावरच जातो.