घंटेच्या जागी लाल फडकं

सोनलच्या शाळेतल्या सुमनबाई गेल्याचं शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा मी गिरणीवर ज्वारी दळत होते. ‘झोपेतच गेल्या गं,’ काकू म्हणाल्या. मी गिरणी बंद केली. कोपऱ्यात बसलेली माझी सोनल थांबलेल्या पट्ट्याकडं बघत राहिली. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं… आता तरी ही पोरगी माझी होईल. महिना उलटला, रडून झालं, पण ते मनातून गेलं नाही.

सोनल स्वमग्न आहे. घाटनांदूरच्या आमच्या शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा मोठे गुरुजी म्हणाले, ‘इथं न्हाई जमायचं, बीडला खास शाळा बघा.’ सुमनबाई मधेच बोलल्या, ‘गावची लेकरं गावातच शिकत्यात, गुर्जी. माझ्या वर्गात द्या.’

पण लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घंटेचा टोला पडला, की सोनल कानावर हात ठेवून किंचाळत थेट घरी पळायची. मी म्हणायचे, हिला आवाज सहन होत नाही, शाळा हिच्यासाठी नाहीच. एका दुपारी बाई गिरणीवर आल्या, पोत्यावर टेकल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत बसल्या.

‘सोनलची आई, एवढी धडधड चाललीय, हिथं का रडत न्हाई ती?’

मी गिरणीत पुढची ज्वारी ओतली. बाईच पुढं म्हणाल्या,

‘तुमी बटणाकडं हात नेला की तिला कळतंय, आता आवाज येणार. घंटीचं तिला आधी कुठं कळतंय?’

दुसऱ्या दिवसापासून घंटा बंद. बाई व्हरांड्यात उभ्या राहून लाल फडकं हलवायच्या आणि पोरं ‘फडकं, फडकं’ करत वर्गाबाहेर यायची. ‘शाळा हाय का टेसन?’ असं गुरुजी कुरकुरले, पण त्यांनाही सवय झाली. सोनल शाळेत टिकली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला जळफळाट. पोटच्या पोरीचं जे मला इतकी वर्षं कळलं नाही, ते या बाईंना एका दुपारीत कळावं? आणि सोनलचा पहिला स्वच्छ शब्द ‘बाई’! एकदा त्यांना भाकरी-ठेचा पाठवला, मुद्दाम डोळ्यांत पाणी येईल असा. डबा धुऊन परत आला, सोबत निरोप, ‘लई झकास. आनखी धाडा.’ अशा माणसाशी भांडायचं तरी कसं…

बाई गेल्यावर पहिल्यांदा शाळा भरली त्या दिवशी मी फाटकाशीच थांबले. घंटा परत सुरू झाली तर सोनलची शाळा संपली, हे मला माहीत होतं. मधल्या सुट्टीची वेळ झाली. गुरुजी सवयीनं व्हरांड्याकडं बघत होते, तिथं कुणीच नव्हतं. मग ते लिंबाखाली गेले, हातोडी उचलली. तेवढ्यात सोनल वर्गातून उठून आली. व्हरांड्यातल्या खिळ्यावरचं बाईंचं फडकं काढून तिनं हलवलं. पोरं बाहेर आली. गुरुजींनी हातोडी खाली ठेवली.

मी तिला हाक मारली. तिनं वळूनही बघितलं नाही. फडक्याची घडी घातली, परत खिळ्याला अडकवलं आणि बाई करायच्या तसा त्यावरून सावकाश हात फिरवला.

तसा हात माझ्या तोंडावरून तिनं अजून एकदाही फिरवलेला नाही. बाई गेल्या, आता मी त्या फडक्यावर जळते.