साखरपुड्याचं आमंत्रण

सुकेशनी मॅडम आमच्या परभणीच्या कॉलेजात समाजकार्य शिकवतात. बालविवाह रोखायला घरभेटी किती उपयोगी पडतात, हा त्यांच्या पीएचडीचा विषय. वर्गात त्या मुलांकडून प्रसंग वठवून घ्यायच्या: एक बाप, एक आई, एक कार्यकर्ता. मी शेजारच्या वर्गात शिकवायचो आणि चिडवायचो, "तुमच्या वर्गातला बाप लय गुणी हो! तास संपायच्या आत ऐकतो."

"खराही ऐकतो, सर. त्याच्या ओसरीवर बसायची चिकाटी पाहिजे."

ती चिकाटी मॅडमच्यात होती. देवगाव फाट्याजवळच्या एका गावात भागवतराव आपल्या दहावीतल्या मुलीचं, प्रियांकाचं, लग्न जमवतायत, अशी बातमी विद्यार्थ्यांनी आणली. मॅडम पावसाळाभर त्या घरी जात राहिल्या. आधी पाणीही न विचारणारे भागवतराव शेवटी म्हणाले, "तुमच्या शब्दाभाईर न्हाई, मॅडम. लगीन अठरा झाल्यावरच. आत्ता नुसता साखरपुडा. तुमी मात्र यायचंच." मॅडमनी कॉलेजात पेढे वाटले.

साखरपुड्याला मीच त्यांना गाडीवर घेऊन गेलो. भागवतरावांनी माइकवरून नाव पुकारून मॅडमचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. टाळ्या चालू असतानाच कुणीतरी सगळ्यांच्या हातात अक्षता ठेवत गेलं. मॅडमच्याही. तेवढ्यात बाशिंग बांधलेला नवरदेव मांडवात आला.

"भागवतराव, हे काय?"

"पावणे म्हनले, मानसं जमलीच हायेत, तर उरकून घ्या."

साखरपुड्यातच लग्न उरकलं की आमच्याकडे कौतुक होतं, खर्च वाचवला म्हणून पेपरात फोटो येतो. हे आम्हाला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. संतापानं माझं डोकं फुटायची वेळ आली. मॅडम अक्षता फेकून ओरडत होत्या, हेल्पलाइनला फोन लावत होत्या. "निघालोय, निघालोय," एवढंच पलीकडून येत होतं. मंगलाष्टकांच्या आवाजात त्यांचं ओरडणं कुणालाच ऐकू गेलं नाही.

पोलिसांची गाडी आली तेव्हा पंगती बसल्या होत्या. आतल्या खोलीत प्रियांका मुंडावळ्या बांधून बसली होती. मॅडमनी तिचे हात धरले. त्यांना रडू आवरेना. "अगं, मला एक फोन तरी करायचास!"

"सकाळीच कळलं होतं, मॅडम. मामाकडं पळून जायला निघाले होते, चप्पल पन घातली होती. मंग आई म्हनली, मॅडम यायलेत. म्हनून थांबले."