धुण्याची गाठोडी गेटवर

नव्वदच्या दशकात आम्ही नागापूरला भाड्याच्या खोलीत राहायचो. माझा नवरा एमआयडीसीत ब्रेकचे लायनर बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस वापरायचे. घरी आला की त्याच्या कपड्यांवर पांढुरकी भुकटी, ती मी रोज दारात झटकायची. पाळी सुटताना कंपनी प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायची. गुळानं छातीतली धूळ निघते म्हणे! ही असली काळजी.

एकदा युनियनची बैठक आमच्याच चाळीत झाली. पुढारी पोटतिडकीनं सांगत होता, ही धूळ फुफ्फुसात रुतून बसते, सावकाश मारते, कपडे कंपनीतच धुवायला लावा. पुरुष माना डोलावत होते. आम्ही बायका आत चहा गाळत होतो. मी गाळणी टाकून बाहेर आले.

"कपडे आमी झटकतो. आमच्या छातीचं काय?"

पुढारी म्हणाला, "वहिनी, तुमचं नाव हजेरीवर न्हाई. ही मागणी कामगारांची हाय."

नवऱ्यानं डोळ्यांनीच मला आत जायला सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजही जाते.

त्यानंतर आठवडाभर चाळीतल्या एकाही बाईनं कंपनीचे कपडे धुतले नाहीत. मग साचलेली गाठोडी डोक्यावर घेऊन आम्ही कंपनीच्या गेटवर गेलो आणि तिथंच आपटली. पुरुषांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरचं धुणं चव्हाट्यावर आणलं म्हणून नवरा माझ्याशी बोलेना. घरात विष आणल्याची लाज मात्र कुणालाच नव्हती. कंपनीचा साहेब बाहेर आला, हसला आणि वॉचमनला म्हणाला, "बायांनाही गूळ द्या." वॉचमननं दिलेला खडा मी साहेबाच्या बुटांपाशी फेकला.

लाजेनं का होईना, पुरुष पेटले. काम बंद पडलं आणि कंपनीनं आत धुलाईची खोली काढली. हार पुढाऱ्याच्या गळ्यात पडला.

काही दिवसांनी शेजारची, नवरा नसलेली बाई पेढे घेऊन आली. धुलाईला ठेकेदारानं बायका लावल्या होत्या, त्यातली ती एक. तिच्या पदरावर, केसांत तीच भुकटी.

"ताई, तुमच्यामुळं काम मिळालं बगा," म्हणत ती माझ्या पाया पडायला वाकली.

मी तिला धरून उठवलं. धूळ काय करते ते सगळं सांगितलं, काम सोड म्हणाले.

तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि विचारलं, "मग लेकरांना काय घालू?"

साहेबाचं आणि त्या पुढाऱ्याचं नरडं धरावंसं वाटलं, आणि हातात पेढा होता.