आईचं आधीचं नाव

माझ्या लग्नात वराकडच्यांनी तांदळाचं ताट पुढे आणलं, त्यात अंगठीने माझं नवं नाव लिहायचं म्हणून. मी ते ताट दोन्ही हातांनी बाजूला सारलं. तंजावरची मुलगी हट्टी निघाली, असं पुण्यात बरेच दिवस बोललं गेलं. बोलोत बापडे. मला त्या ताटाची भीती वाटत होती, हे सांगून कुणाला पटलं नसतं.

भीती जुनी होती. पन्नासच्या दशकाच्या शेवटी, मी दहाएक वर्षांची असताना, आईच्या पोटात गाठ निघाली आणि तिला गावाबाहेरच्या मिशनच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. आजीला, म्हणजे अप्पांच्या आईला, ते मुळीच रुचलं नाही. तिथलं पाणी नको, तिथल्यांचा स्पर्श नको. पण घोडागाडी दारात आली तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच चढून बसली, घरच्या पाण्याचा पितळी चेंबू मांडीवर घेऊन. आजीचं हे असं. तोंडाने नाही म्हणायचं आणि पाय पुढे टाकायचा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला नर्सम्मा आली. पन्नाशीची तमिळ ख्रिस्ती बाई, पांढरी साडी, आवाज मास्तरणीचा. तुझ्यासाठी प्रार्थना करू का, असं तिने तमिळमध्ये विचारलं. आईने मान डोलावली. कुणाला नको म्हणणं तिला जमतच नसे. आजी तोंड फिरवून खिडकीबाहेरच्या नारळांकडे बघत राहिली. नर्सम्माने आईचं नाव विचारून घेतलं, डोळे मिटले आणि देव पलंगापलीकडे स्टुलावर बसलाय अशा थाटात ती त्याच्याशी बोलायला लागली. हिला आईच्या पोटात तूच घडवलंस. हिचं बसणं-उठणं तुला ठाऊक आहे. हिच्या मनातलं ओठावर यायच्या आधी तुला कळतं. तू हिला नावानिशी ओळखतोस. एवढं म्हणून तिने आईचं नाव घेतलं.

खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. आमच्या गावचा देव अवाढव्य, त्याचा नंदीसुद्धा घराएवढा. अशा देवाला माझ्या आईचं बसणं-उठणं माहीत असेल, ही कल्पनाच मला कधी शिवली नव्हती.

नर्सम्मा गेल्यावर आई माझ्याकडे बघून हसली. "पोटात असताना ओळखत होता म्हणे. मग हे नाव कसं ठाऊक त्याला? हे तर लग्नात ठेवलेलं."

"त्याच्या आधी काय होतं?"

आईने आजीकडे पाहिलं. "अत्ता ते कशाला," म्हणाली आणि कुशीवर वळली. आजीने मला दटावलं, "चूप बैस. दुखणाईताला बोलायला लावू नको."

देव आईला जुन्या नावाने ओळखत असेल आणि नर्सम्माने त्याला नवंच सांगितलं असेल तर? उद्या तो भलत्याच बाईच्या उशाशी जाऊन बसायचा, आणि माझी आई टेबलावर एकटी. मी व्हरांड्यात धावत जाऊन नर्सम्माला गाठलं आणि आईचं खरं नाव वेगळं आहे म्हणून सांगितलं. तिला आधी समजेचना. तमिळ लोकांत लग्नात मुलीचं नाव बदलत नाहीत. समजलं तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नाव आपल्याला लागतं, कण्णू. त्याला नाही."

मग घेतलंस कशाला, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. त्या उत्तराने माझं काडीचंही समाधान झालं नाही.

सकाळी आईला आत नेलं. अप्पा वर्तमानपत्र उघडत होते, मिटत होते. उन्हं चढल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गाठ काढून झाली होती, आता शुद्धीवर यायची तेवढी वाट बघायची. आईला शेजारच्या खोलीत आणून ठेवलं आणि आम्ही दारात उभे राहिलो.

आई शुद्धीवर येईना. नर्सम्मा तिच्या गालावर चापट्या मारत होती, वाकून नावाने हाका मारत होती. आईची पापणीसुद्धा हलत नव्हती. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं ते सोडलंच नाही. "अजून हाक मारा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मघासारखा नव्हता. नर्सम्मा ओरडून हाका मारायला लागली. त्या नावाचा मला राग यायला लागला.

एकदम नर्सम्मा आमच्याकडे वळली. "लहानपणी हिला काय म्हणत? दुसरं नाव आहे ना हिला?"

मी अप्पांकडे पाहिलं. ज्याने ताटात नवं लिहिलं त्याला जुनं ठाऊक असणारच. अप्पांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. ते आपल्या आईकडे बघत होते. त्या क्षणी मला अप्पांचा तिरस्कार वाटला. "अप्पा, सांगा की हो!" मी किंचाळले.

आजीने चेंबू खाली ठेवला. सोवळ्यात होती ती, तशीच उंबरा ओलांडून त्या खोलीत शिरली, आईच्या गालावर हात ठेवला आणि हाक मारली. स्वतःच्या नावाने.

तेव्हा मला उमगलं. आई या घरात आली ती सासूचंच नाव घेऊन आली होती. एका घरात ते नाव दोघींना कसं चालायचं? सुनेला रागावायचं तर सासूच्या नावाने रागावल्यासारखं, आणि अप्पांनी स्वतःच्या आईचं नाव घेऊन बायकोला हाक मारायची हे तर अशक्यच. म्हणून ते पुसलं. मी ते इथेही लिहीत नाही.

पहिली हाक दबक्या आवाजात होती. दुसरी मात्र आजीने अशी मारली जशी परसात खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलवावं.

"ओ," आई म्हणाली.

डोळे मिटलेलेच होते, पण ओ दिली तिने. नर्सम्मा "स्तोत्रम्, स्तोत्रम्" म्हणत, तिच्या देवाचे आभार मानत भिंतीला टेकली. अप्पा बाहेर जाऊन रडले. मीही रडले, आणि आजी नळाखाली पाय धुवायला गेली. संध्याकाळी तिने आईला पुन्हा नव्या नावानेच हाक मारली आणि मरेपर्यंत तेच चालवलं.

देवाला नाव लागत नाही, हे नर्सम्माचं म्हणणं खरंही असेल. पण त्या दिवशी त्याला हाक मारायला तोंड मिळालं ते माझ्या आजीचं, एवढं मला ठाऊक आहे.

पुढे कितीतरी वर्षांनी, आई पुण्याला माझ्याकडे राहायला आली असताना, मी विचारलं, "तेव्हा तुला काहीच ऐकू येत नव्हतं?"

ती शेंगा सोलत होती. "येत होतं की. नर्सम्मा किती ओरडत होती! मज वाटलं, कोणा दुसऱ्या बाईला बोलावते. म्हटलं, उठेल ती."