क्रेशेन्त्सोनं बुजवलेलं भोक

आमच्या नेपल्सच्या कार्यशाळेत ज्वालामुखीच्या राखेतून निघालेल्या, जळून कोळसा झालेल्या ग्रीक पोथ्यांच्या गुंडाळ्या यायच्या. वरच्या थरावरची अक्षरं क्रेशेन्त्सो मालेर्बा कागदावर उतरवायचा. मग खालचा थर दिसावा म्हणून मी वरचा खरवडून टाकायचो. म्हणजे जगाकडे उरायची ती क्रेशेन्त्सोचीच नक्कल.

नियम एकच: नक्कल करणाऱ्याला ग्रीक येता कामा नये. येत असलं की माणूस दिसतं ते सोडून वाटतं ते काढतो. क्रेशेन्त्सो मुळातला भित्रा, नियम मोडणाऱ्यातला नव्हेच. पण वीस वर्षं तीच अक्षरं काढून ती त्याला कळायला लागली, आणि हा बाबा ते लपवून बसला.

एका मंगळवारी कुणा राजाची गोष्ट निघाली. त्यानं पोटच्या मुलीला वेदीवर आणलं, सुरा उचलला, आणि पुढे जळून पडलेलं भोक. क्रेशेन्त्सोच्या घरीही सहा वर्षांची पोर. त्यानं भोकाच्या जागी लिहिलं, 'जगली'. मी थर खरवडला.

शुक्रवारी ओळी जुळवणारे पाद्री गास्पारे नाचतच आले. "हरवलेली कथा सापडली. मुलगी जिवंत राहते."

क्रेशेन्त्सोच्या तोंडचं पाणी पळालं. जिन्यात पाऊल वाजलं तरी त्याची लेखणी गळून पडायची. आठवड्यानं मला म्हणाला, "सांगून टाकतो. नोकरी गेली तर जाऊ दे, ही भीती नको."

"हात दाखवून अवलक्षण कशाला, लेका?" मी म्हणालो. घाबरलो मीही होतो. पुरावा मीच खरवडला होता.

तरी तो गेला, मलाही ओढून. पाद्री गास्पारेंनी सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

"रोमला पत्रं गेलीत. पानाचा छपाईचा ठसा कोरायला दिलाय. तुला ग्रीक येतं?"

"थोडं, बाबा."

"येत नाही. ज्याला ग्रीक येत नाही, तो मनानं अक्षरं घालूच शकत नाही. आपला नियमच आहे तो. जा, कामाला लाग."

नोकरी वाचली, भीती वाढली. दिसतंय ते खरं की मनातलं, हे त्याला कळेनासं झालं. पुसट अक्षरांच्या जागी तो ठिपके द्यायला लागला. पुढे ठळक अक्षरांच्या जागीही.

"इथं काहीतरी लिहिलंय रे," मी म्हणायचो.

"नाही. भोक आहे," असं म्हणून तो मान खाली घालायचा.

मग नियमाप्रमाणे मी तो थर खरवडायचो.