पाचशे शब्दांचा अनुभव

एम.ए.साठी माझ्यासमोर दोन अर्ज होते. एक लांबच्या विद्यापीठाचा, शैक्षणिक मूल्यमापन आणि चाचणी या विषयाचा. मला तोच हवा होता. दुसरा घरी बसून करायच्या शिक्षणशास्त्राचा. त्यात मूल्यमापनाचा एकच पेपर. दुसऱ्याला फक्त पदवीचे मार्क लागत. पहिल्याला निबंधही लागे: मूल्यमापनाविषयी प्रश्न पडावेत असा स्वतःचा एक अनुभव, पाचशे शब्दांत.

अनुभव माझ्याकडे एकच होता, आणि तो पप्पांचा होता.

पप्पा झरीच्या पुढच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. मोबाइलवर मार्क भरणं त्यांना जमत नाही, म्हणून अकरावीपासून ते काम माझ्याकडे आलं. चहा पीत ते एकेक नाव वाचत आणि मी आकडा टाकत असे. उत्तरपत्रिका समोर नसत. एका वर्षी दहा मार्कांच्या चाचणीचे आकडे भरताना तिसरीतल्या एका मुलीपाशी मी थांबले. ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती, चाचणीच्या दिवशी गावातच नव्हती. मी विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, "सात टाक. शून्य दिसलं की मला खुलासा मागतेत."

होळीनंतर ती परत आली. मागे पडलेल्या मुलांसाठी जादा तास सुरू झाले होते, पण सात मार्क असल्यामुळे तिचं नाव त्या यादीत नव्हतं. तिला अक्षरंही ओळखता येत नव्हती. हे पप्पांनीच एकदा जेवताना सांगितलं, सहज.

निबंध लिहायला मला चार दिवस लागले. शाळेचं, गावाचं नाव कुठेच घातलं नाही. पप्पांनी वाचायला मागितला. इंग्रजी ते ओळीखाली बोट ठेवून वाचतात. त्यांचं होईपर्यंत मी दारातच उभी होते.

"माझ्याबद्दल लिहायलीस," ते म्हणाले.

त्यांनी शेवटच्या ओळीवरून बोट उचललं.

"इंग्लिश मात्र चांगलं आहे तुझं. खोटं काहीच नाही यात. पाठवायचं तर पाठव."

ते रागावले असते तर मी पाठवला असता, असं मला अजून वाटतं.

नंतर मी तो पुन्हा वाचला. 'एका शिक्षकाने सात गुण दिले' असं वाक्य होतं. सात मी टाकले होते. पाचशे शब्दांत मी स्वतः कुठेच नव्हते. ते वाक्य दुरुस्त करायला तीन वेळा बसले आणि तीनदा लॅपटॉप बंद केला. दुसरा कुठलातरी अनुभव रचून लिहावा, तर तेही आकडा टाकण्यासारखंच वाटलं.

शेवटच्या तारखेला मी घरच्या एम.ए.चा अर्ज भरला. पोरगी जवळच राहणार म्हणून पप्पांनी ते शाळेत सगळ्यांना सांगितलं. अर्जाला दहा मिनिटं लागली. त्यात मला काहीच विचारलेलं नव्हतं.