चहा टाकायला सांगणारी नंदा

कोपरहून नंदाच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी मुलाच्या गाडीत, घोडबंदर रोडला अडकलेले. "जमेल तशा या," एवढंच म्हणाली ती. त्या 'जमेल तशा'वरूनच कळलं, की आता घाई करून उपयोग नाही... नंदा माझी धाकटी नणंद. महिना उलटून गेला, पण दुपारी फोन वाजला की अजून वाटतं, तिचाच.

मी निवृत्त झाल्यावर तिनेच मला ब्लॉग काढून दिला. मी मोहने गावातले जुने दिवस लिहायचे, कारखान्याचा भोंगा, नळावरची भांडणं, आणि ती त्याला प्लगइन शोधायची. प्लगइन म्हणजे काय गं, विचारलं तर म्हणाली, "वहिनी, मिक्सर तोच, चटणीचं भांडं वेगळं लावायचं." फोटो नीट दिसावेत म्हणून एक, फालतू जाहिराती अडवायला एक. पण सापडलं की लावलं, असं तिचं नव्हतं. स्थळाची करावी तशी चौकशी. बनवणाऱ्याने त्याला शेवटचा हात कधी लावला, लोकांच्या तक्रारींना उत्तर देतो की तोंड चुकवतो...

"स्वतःसाठी एवढी चौकशी केली असतीस तर?"

"केली होती, म्हणूनच वाचले," मान वर न करता म्हणायची.

शिवाय तिने 'कच्चा' नावाचा वेगळा ब्लॉग ठेवलेला, कुणाला न दिसणारा. नवं प्लगइन आधी तिथे, मग माझ्याकडे. मोहन्याच्या माझ्या मैत्रिणीची, मंदाची नजर गेली, तेव्हा लेख मोठ्याने वाचून दाखवणारं प्लगइन शोधायला तिने किती दिवस घातले. एक बातम्या दिल्यासारखं वाचायचं, दुसरं जोडाक्षर आलं की अडखळायचं. तपासायला 'कच्चा'वर एकच ओळ लिहिलेली, तीच पुन्हा पुन्हा वाजवायची. मी ओट्याशी, ती टेबलाशी.

ती गेली आणि पंधरवड्यात ते प्लगइनही बंद पडलं. बनवणाऱ्याने सोडून दिलं म्हणे. मंदाचा फोन आला, "अगं, तुझा ब्लॉग मुका झालाय. मी दुपारभर काय करू?" खरं सांगते, मला कंटाळा आलेला. ब्लॉग उघडला की सगळीकडे अपडेट मागणाऱ्या लाल खुणा. वाटलं, राहू दे मुका. पण मंदाला तसं म्हणवेना.

परवा कोपरला तिचं घर आवरायला गेले आणि तिच्याच टेबलाशी बसले. तिच्यासारखीच चौकशी केली, तक्रारी वाचल्या, दोन-तीन नाकारली. एक बरं वाटलं, ते 'कच्चा'वर लावून बटण दाबलं. बंद घरात सपाट, परका आवाज आला, पण कुठेही न अडखळता...

"वहिनी, ऐकू येतंय का? येत असेल तर चहा टाका."

घरात दूध नव्हतं. कोराच टाकला.